ब्रेकचा एकांतरा ताप

जुन्या काळीं घरांत कोणाला ताप आला म्हणजे वैद्यबुवा नाडी पाहण्यापूर्वीं एक प्रश्न विचारीत, "ताप येतो केव्हां?" रोज येतो, कीं एक दिवसाआड येतो, थंडी वाजून येतो, कीं नुसती कणकण येते, सकाळीं येतो, कीं दिवेलागणीला येतो, हें सारें ऐकून घेतल्याखेरीज ते औषधाच्या बटव्याला हात लावीत नसत. रोगी समोर येऊन बसे त्या वेळीं त्याचें अंग पुष्कळदां गारच असे, हें त्यांना अनुभवानें ठाऊक होतें. येऊन जाणारा ताप अंगाला हात लावून ओळखतां येत नाहीं. तो त्याच्या येण्याजाण्याच्या वेळांवरून ओळखावा लागतो.

आज मी ज्या आजाऱ्याविषयीं बोलणार आहें तो माणूस नव्हे. ती माझी जुनी डिझेलची मोटार आहे. तिच्या ब्रेकला असाच एकांतरा ताप येत असे. मी मोटारींचा कारागीर नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि सारी नोकरी मराठी शाळेंत मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यांत घालविली. तेव्हां हें भाषण एखाद्या तज्ज्ञाचें नसून, उतारवयांत स्वतःच एक धडा गिरवावा लागलेल्या मास्तराचें आहे, असें समजून ऐकावें.

माझी मोटार 2007 सालची. ती मीं 2013 सालीं जुनी म्हणून विकत घेतली. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर 2022 सालीं तिची तपासणी करवून नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढवून घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एके दिवशीं साताऱ्याच्या भर बाजारांतून बराच वेळ रखडत गाडी हांकल्यावर मला असें वाटलें कीं, ब्रेकचें पेडल आज नेहमीपेक्षां मऊ लागत आहे. कमी हवा भरलेल्या चेंडूवर पाय ठेवावा तसें तें खालीं दबत होतें आणि पाय उचलला कीं पुन्हां वर येत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों पेडल पूर्ववत्. मीं गाडी एका कारखान्यांत नेली. तेथील माणसानें ब्रेकची हवा काढली, थोडें नवें तेल घातलें आणि पैसे घेतले. तीन महिने बरे गेले. मार्चमध्यें पुन्हां तोच प्रकार झाला. या वेळीं दुसऱ्या कारखान्यांत गेलों. तेथें मास्टर सिलिंडर बदलला गेला, आणि शिवाय "डिझेल गाडी आहे, निर्वात पंप कमजोर झाला असेल, तोही बदलून घ्या," असा सल्ला मिळाला. पंपाचा खर्च ऐकून मीं तो विचार लांबणीवर टाकला. गाडी बरी चालत होती. घरीं मीं कोणालाच कांहीं सांगितलें नाहीं.

या न सांगण्याचें प्रायश्चित्त मला 2023 सालच्या मे महिन्यांत मिळालें. माझी मुलगी पांचगणीस असते. तिच्याकडून परततांना गाडींत माझी पत्नी आणि नऊ वर्षांची नात होती. पांचगणीहून वाईकडे उतरणारा पसरणीचा घाट आपल्यापैकीं पुष्कळांना परिचित असेल. दहा-बारा किलोमीटरांच्या वाटेंत पांचशें मीटरांहून अधिक उंची उतरावी लागते. सुटीचे दिवस, पुढें वाहनांची रांग. त्यामुळें पाय सारखा ब्रेकवर होता. घाट बराचसा उतरून झाला होता. एका वळणापूर्वीं पेडल दाबलें आणि तें जवळजवळ तळाला जाऊन टेकलें. गाडीचा वेग कमी होईना. पुढें एक प्रवासी बस होती.

त्या चार-पांच क्षणांत मीं जें केलें तें विचारानें केलें असें म्हणणें खोटें होईल. पूर्वीं ऐकलेलें पायांना आणि हातांना आठवलें, एवढेंच. पेडल भराभर तीन-चार वेळां दाबलें, त्यानें तें थोडें वर आलें. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला. हँडब्रेकची कळ दाबून धरून तो हळूहळू ओढला. बसच्या मागें दोन हात अंतर राहिलें असतां गाडी मंदावली, आणि पुढें रस्ता रुंद झाला तेथें कडेला नेऊन मीं ती उभी केली. पत्नीनें विचारलें, "अहो, काय झालं?" मीं म्हणालों, "कांहीं नाहीं, इंजिन जरा तापलंय." नात मात्र माझ्या हातांकडे पाहत होती. ते कांपत होते.

अर्ध्या तासानें पेडल दाबून पाहिलें. तें दगडासारखें घट्ट! सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्यें संथपणें उतरून आम्ही घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं कारखान्यांतील तरुण मेस्त्री पेडलवर पाय मारमारून म्हणाला, "सर, यांत काहीच दोष नाही." सायंकाळीं मुलगा पुण्याहून आला. सर्व ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, पाय नीट पडला नसेल. आतां तुम्ही गाडी चालवणं थांबवलेलं बरं."

श्रोतेहो, येऊन जाणाऱ्या दोषाचा हा सर्वांत वाईट परिणाम. यंत्राचा दोष सिद्ध होत नाहीं, म्हणून साक्षीदार खोटा ठरतो. आणि साक्षीदार साठी उलटलेला असेल तर त्याचें वयच आरोपी ठरतें. मलाही रात्रभर झोंप आली नाहीं. माझा पाय खरोखरच चुकला असेल काय? चुकला असेल तर मीं उद्यांच किल्ली मुलाच्या हातीं दिली पाहिजे. आणि चुकला नसेल, तर दोष सांपडल्याशिवाय ती किल्ली मुलाच्या हातीं देणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय. दोन्ही बाजूंनीं उत्तर शोधणें भागच होतें.

उत्तराकडे वळण्यापूर्वीं हें पेडल काय काम करतें तें थोडक्यांत सांगतों. येथें माझ्याजवळ फळा-खडू नाहीं, म्हणून श्रोत्यांनीं डोळे मिटून चित्र पाहावें. पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडर नांवाच्या नळकांड्यांतील दट्ट्या पुढें सरकतो. त्याच्यापुढें ब्रेकचें तेल असतें. तें लोखंडी नळ्यांतून आणि शेवटीं वीतभर रबरी नळीतून प्रत्येक चाकापाशीं पोंचलेलें असतें. पुढच्या चाकांवर एक चकती फिरत असते. तिच्या दोन्ही अंगांस चिमट्याप्रमाणें बसविलेलें जें साधन, त्याला कॅलिपर म्हणतात. तेलाच्या दाबानें कॅलिपरांतील दट्ट्या पुढें येतो, पॅड चकतीवर घट्ट बसतात आणि चाक थांबतें. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडलेला नियम येथें कामाला लावला आहे. लॉकहीड या अमेरिकन गृहस्थानें 1917 सालीं अशा ब्रेकचा पेटंट घेतला आणि 1921 सालच्या ड्युसेनबर्ग मोटारींत चारही चाकांना असे ब्रेक बसविले गेले.

या साऱ्या योजनेचा आधार एकच : द्रव दाबानें आकसत नाहीं. नळींत वायु शिरला, मग तो हवा असो वा वाफ असो, कीं हा आधार तुटतो. कारण वायु आकसतो. पायाचा दाब चाकापर्यंत न पोंचतां तो वायु दाबण्यांत खर्ची पडतो. हेंच तें स्पंजासारखें भुसभुशीत पेडल.

येथें शब्द नेमका वापरणें अवश्य आहे. मुलांना आम्ही सांगत असूं कीं, प्रश्न नीट मांडला तर निम्मा सुटला. "ब्रेक बिघडला" हें वाक्य मेस्त्र्याच्या उपयोगाचें नाहीं. पेडलाचे चार आजार निरनिराळे आहेत. दगडावर पाय ठेवावा तसें तें कठीण होतें आणि सारा जोर लावूनही गाडी बेतानेंच थांबते, हा पहिला. पहिल्या दाबाला खोल जातें, पण लगेच दुसरा दाब दिला कीं उंचावर घट्ट लागतें, हा दुसरा. यांत मागच्या ड्रमांतील लायनर झिजून दूर गेलेले असतात किंवा चाकाचें बेअरिंग ढिलें होऊन चकती पॅडांना मागें ढकलीत असते. चिखलांत पाय रुतावा तसें एकसारखा दाब देऊन धरलें असतां हळूहळू खालीं बसत जातें, हा तिसरा. येथें तेल कोठें तरी गळतें, किंवा मास्टर सिलिंडरांतील रबरी वॉशर आंतल्या आंत तेल मागें सोडतात. आणि दाबल्यावर उसळी मारतें, तें चौथें, म्हणजे आपलें भुसभुशीत पेडल. माझें पेडल चौथ्या जातीचें होतें, पण मीं दोन्ही कारखान्यांत "ब्रेक नीट लागत नाहीं" एवढेंच सांगितलें. मग त्यांनीं तिसऱ्या जातीवरचें औषध दिलें तर त्यांना दोष कसा द्यावा?

डिझेल गाडीच्या मालकांची या बाबतींत एक खास फसगत होते. पायाला साहाय्य करण्यासाठीं पेडलामागें बूस्टर असतो. तो निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनांत हवेची वाट अडविणारी झडप असल्यामुळें हा निर्वात आयता मिळतो. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत तशी झडप नसते, म्हणून निर्वात निर्माण करणारा वेगळा पंप बसवावा लागतो. कांहीं गाड्यांत तो वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरच्याच पाठीशीं जोडलेला असतो. त्यामुळें ब्रेकचें नांव काढलें कीं डिझेल गाडींत पहिला संशय या गरीब पंपावर जातो. परंतु पंप दुबळा झाला तर पेडल कठीण होतें, मऊ होत नाहीं. मला सुचविलेला तो महागडा पंप अगदीं निर्दोष होता. इतकेंच नव्हे, तर इंजिन सुरू करतांच पेडल पायाखालीं थोडें खालीं जातें, तें बूस्टर निरोगी असल्याचें लक्षण आहे. त्याला कोणी आजार समजूं नये.

आतां पुढील हकीकत. गावांतील एक वृद्ध मेस्त्री आतां काम फारसें करीत नाहींत, त्यांच्याकडे मी गेलों. त्यांनीं गाडीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. मला बसावयास स्टूल दिलें आणि विचारलें, "गुरुजी, पेडल बसतं तेव्हां गाडी थंड असते का तापलेली? सकाळी कधी बसलंय का?" मला वैद्यबुवा आठवले. मी म्हणालों, "उद्यां सांगतों."

मला एक संवय आहे. डिझेल घेतलें कीं तारीख, किलोमीटर आणि लिटर वहींत टिपून ठेवतों. त्या रात्रीं ती वही उघडून प्रत्येक नोंदीशेजारीं त्या दिवसाचा प्रवास आठवून लिहिला. तीन गोष्टी दिसल्या. पेडल मऊ झालें तें दरवेळीं दुपारच्या वेळीं, गर्दींत किंवा उतारावर, बराच वेळ ब्रेक वापरल्यावर. सकाळीं निघतांना एकदांही नाहीं. दुसरी गोष्ट, तेलाच्या भांड्यांतील पातळी कमी झाल्याची तक्रार कोणत्याच कारखान्यानें केली नव्हती. म्हणजे गळती नव्हती. तिसरी गोष्ट मीं कधीं ब्रेकशीं जोडलीच नव्हती. पूर्वीं लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी आतां साडेपंधरा जात होती. मीं ती म्हातारपणाची खूण समजून सोडून दिली होती.

मेस्त्र्यांनीं वही वाचली आणि तिसऱ्या नोंदीवर बोट ठेवलें. "गुरुजी, गाडी ओझं ओढतेय. कुठला तरी ब्रेक सुटतच नाही." मग ते स्वतः शेजारीं बसले आणि आम्ही महामार्गाच्या सपाट भागावर दहा किलोमीटर संथ गतीनें गेलों. ब्रेक शक्यतों लावावयाचा नाहीं, थांबतांना गिअर आणि हँडब्रेक यांनींच थांबावयाचें, अशी त्यांची अट होती. थांबल्यावर त्यांनीं बाटलींतील पाण्याचे चार थेंब प्रत्येक चाकाच्या मधल्या लोखंडावर शिंपडले. तीन चाकांवर पाणी नुसतें ओघळलें. पुढच्या डाव्या चाकावर चर्र आवाज होऊन तें क्षणांत नाहींसें झालें. ब्रेक न लावतांच तें चाक तापलें होतें! त्या चाकावरची काळी भुकटीही इतरांपेक्षां अधिक होती, तें मीं रोज गाडी पुसतांना पाहत असें आणि रोज पुसून टाकीत असें.

एक चाक ब्रेक सोडत नाहीं, याचीं कारणें तीन असूं शकतात : कॅलिपरचा दट्ट्या किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या असतील; रबरी नळी तेल परत येऊं देत नसेल; किंवा मास्टर सिलिंडरच दाब सोडीत नसेल. यांतील खरें कोणतें, हें मेस्त्र्यांनीं ज्या क्रमानें ठरविलें तो क्रम मला एखाद्या भूमितीच्या सिद्धान्ताइतका सुंदर वाटला. परतल्यावर त्यांनीं गाडीखालीं भक्कम घोड्या लावून तें चाक अधांतरीं केलें. हातानें तें फिरेना. प्रथम त्यांनीं रबरी नळीचा वरचा सांधा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडील, थोडा सैल केला. चाक तरीही अडकलेलेंच; अर्थात् दाब सिलिंडरांतून येत नव्हता. सांधा आवळून मग कॅलिपरवरचा हवा काढण्याचा निपल सैल केला. तेलाची बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळें फिरूं लागलें. कॅलिपर गंजला असता तर तेल सोडूनही चाक सुटलें नसतें. दाब वरच्या सांध्याच्या खालीं आणि निपलच्या वर कोंडला होता. या दोहोंच्या मध्यें होती ती एक वीतभर रबरी नळी.

ती नळी काढून त्यांनीं पात्यानें उभी चिरली. बाहेरून ती नव्यासारखी काळी कुळकुळीत; आंत मात्र रबराचा थर सुटून त्याची एक जिभळी तयार झाली होती. पायाच्या जोरानें तेल पुढें जाई, पण परत येतांना ती जिभळी आडवी येई. ब्रेक क्वचित् लावला तर तेल हळूहळू झिरपून परत येण्यास वेळ मिळे. गर्दींत आणि घाटांत मात्र एक दाब सुटण्यापूर्वींच दुसरा पडे, पॅड चकतीला घासतच राहत आणि चाक भट्टीसारखें तापे.

"पण मेस्त्री," मीं विचारलें, "यानं ब्रेक लागून राहील. पेडल मऊ कां व्हावं?" त्यांनीं उलट विचारलें, "तेल शेवटचं संपूर्ण कधी बदललं होतं?" माझ्या वहींत तेंही होतें. 2017 सालीं. सहा वर्षांपूर्वीं.

पावसाळ्यांत मिठाच्या बरणींत पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ब्रेकचें तेल त्याच स्वभावाचें असतें. हवेंतील ओलावा तें शोषून घेतें, रबरी नळ्यांतूनही तो सूक्ष्म प्रमाणांत आंत येतो. डॉट चार या जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान 230 अंश असावा असा दंडक आहे. शेंकडा तीन-चार भाग पाणी मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरला तरी तें प्रमाणांत बसतें. डॉट तीन जातीचे तेच आंकडे 205 आणि 140 आहेत. म्हणजे थोडेंसें पाणी पासष्ट-पाऊणशें अंशांची सुरक्षितता खाऊन टाकतें.

आतां घाटांत उष्णता किती निर्माण होते तें पाहूं. माणसांसह चौदाशें किलोग्रॅम वजनाची गाडी साडेपांचशें मीटर खालीं उतरली तर जी शक्ति मोकळी होते, तिच्यानें सुमारें चोवीस लिटर पाणी, म्हणजे चांगल्या दोन बादल्या, साध्या तपमानापासून उकळीपर्यंत तापवितां येईल. तिचा कांहीं भाग इंजिन आणि वारा घेतात. चालक गिअर नीट वापरील तर बराच घेतात. उरलेली सारी उष्णता ब्रेकांच्या चकत्यांना पोटांत घ्यावी लागते. तापलेल्या डाव्या कॅलिपरांत पाणी मुरलेलें जुनें तेल उकळलें आणि वाफेचे बुडबुडे झाले. उघड्यावर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशें पटींहून अधिक जागा घेते. तेव्हां एका थेंबाची वाफही पेडलाचा सारा प्रवास गिळण्यास पुरेशी होते. आणि अर्ध्या तासानें निवल्यावर? वाफेचें पुन्हां पाणी झालें, पाणी तेलांत मिसळलें, पेडल घट्ट झालें. पुरावा स्वतःच पुसला गेला. कारखान्यांत गाडी नेहमीं थंड पोंचे, म्हणून तेथील माणसाला दोष दिसणें शक्यच नव्हतें. पहिल्या कारखान्यानें हवा काढतांना चाकांजवळचें कांहीं चमचे जुनें तेल जाऊन तेथें नवें आलें, म्हणून तीन महिने आराम पडला. औषध योगायोगानें थोडें लागू पडलें आणि त्यामुळेंच खरा रोग लपून राहिला.

चारही चाकांच्या रबरी नळ्या नव्या बसविल्या, तेल संपूर्ण बदललें, पुढचे जळून कांचेसारखे झालेले पॅड जोडीनें बदलले. हा सगळा खर्च आधीं व्यर्थ बदललेल्या मास्टर सिलिंडरपेक्षां कमी आला. पुढल्या महिन्यांत वहींत पुन्हां साडेसतरा किलोमीटरांची नोंद झाली.

चिरलेली नळी मीं मुलापुढें ठेवली. त्यानें ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "बाबा, माझं चुकलं." मीं म्हणालों, "निम्मं तुझं, निम्मं माझं. डिसेंबरांत पेडल मऊ लागलं हें मला समजलं होतं. मे महिन्यापर्यंत मी गप्प बसलों."

ज्यांच्या दाराशीं जुनी गाडी उभी आहे त्यांच्यासाठीं कांहीं साध्या परीक्षा सांगतों. त्या गाडी सपाट जागीं उभी असतांना घरीं करतां येतात. भांड्यांतील तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्यें आहे ना, आणि तेल चहासारखें काळपट झालें नाहीं ना, हें पाहावें. इंजिन बंद ठेवून पेडल पांच-सहा वेळां दाबावें, मग दाबून धरून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर आणि पंप ठीक आहेत. इंजिन चालू ठेवून एक मिनिट सारखा दाब धरावा. पेडल बसत गेलें तर गळती किंवा मास्टर सिलिंडर पाहावा. हँडब्रेक दोन दांते ओढल्यावर पेडल उंच लागलें तर मागचे लायनर दूर गेले आहेत. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावतां जाऊन आल्यावर पाण्याच्या थेंबांची परीक्षा करावी. हात मात्र चकतीला लावूं नये. याच्या पुढचें काम मेस्त्र्याचें. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. ब्रेकच्या भांड्यांत इंजिनाचें तेल कधीं घालूं नये. त्यानें सारीं रबरें फुगून निकामी होतात. तेल दर दोन वर्षांनीं बदलावें, गाडी थोडी चालली असली तरीसुद्धां, कारण ओलावा किलोमीटर मोजीत नाहीं. ज्या गाड्यांत चाक घसरूं न देणारी विद्युत् योजना असते, त्यांत जोराच्या ब्रेकच्या वेळीं पेडल पायाखालीं थरथरतें, तो दोष नव्हे. मात्र तिच्यांत शिरलेली हवा काढण्यास पुष्कळ गाड्यांत संगणकाचें उपकरण लागतें.

आणि उतारावर पेडल खालीं गेलेंच तर? तें भराभर दाबावें, एकेक गिअर खालीं आणावा, हँडब्रेक कळ दाबून बेताबेतानें ओढावा. तो तारेनें चालतो, तेलानें नव्हे. इंजिन बंद करूं नये. तें बंद केलें तर डिझेलचा निर्वात पंप थांबतो, सुकाणूचें साहाय्य जातें, आणि किल्ली काढली तर सुकाणूच अडकून बसतें. ज्या गिअरमध्यें घाट चढला असता त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम पाळला तर बहुधा ही वेळच येत नाहीं.

श्रोतेहो, जो दोष सतत असतो तो आपल्याला स्वस्थ बसूं देत नाहीं, म्हणून तो लवकर दुरुस्त होतो. जो येतो आणि जातो, त्याच्या जाण्यावर आपण विश्वास ठेवतों, तोच घातक. पेडल पुन्हां घट्ट झालें याचा अर्थ तें बरें झालें असा नव्हे. त्या दिवशीं तारीख, वेळ, रस्ता आणि हवा टिपून ठेवावी, घरांतल्यांना सांगावें, आणि कारण सांपडेपर्यंत गाडी दारांतच राहूं द्यावी. आणि घरांतील वडील माणूस जर म्हणालें, "आज कांहीं तरी निराळं लागलं," तर त्याच्या वयाकडे बोट दाखविण्यापूर्वीं एकवार वैद्यबुवांचा प्रश्न त्याला विचारावा : केव्हां लागलं?

ती चिरलेली नळी माझ्या टेबलावर आहे. नात आली कीं ती हातांत घेते आणि त्या जिभळीवर बोट फिरवून विचारते, "आजोबा, एवढीशीच?" मी म्हणतों, "होय बाळ, एवढीशीच."